शीतगृहाच्या पफ पॅनेलमधील फिलर : फोम मजबूत कधी होतो आणि नुसता जड कधी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या द्राक्षपट्ट्यात प्रीकूलिंग आणि शीतगृहाची खोली हा निर्यातक्षम मालाचा कणा आहे. खोली उभारताना शेतकरी किंवा शेतकरी उत्पादक कंपनी कॉम्प्रेसरची बारकाईने चौकशी करते. भिंतीच्या पॅनेलबाबत मात्र ‘जाडी किती आणि घनता किती’ एवढेच दोन प्रश्न विचारले जातात. पॅनेलच्या दोन पत्र्यांमधला पिवळसर फोम म्हणजे कठीण पॉलियुरेथेन फोम, ज्याला बाजारात पफ म्हणतात. या फोममध्ये काचतंतू, सिलिका, चिकणमातीचे सूक्ष्म कण, भाताच्या तुसाची राख किंवा लाकडाचा भुसा यांसारखे फिलर मिसळून तो सुधारता येतो. तसाच स्वस्त फिलर घालून तो फक्त वजनदारही करता येतो. दोन्ही फोम वजनकाट्यावर सारखेच दिसतात. फरक कसा ओळखावा आणि आपल्या खोलीला फिलरयुक्त फोमची गरज आहे का, याची माहिती या लेखात दिली आहे.

पफ म्हणजे नेमके काय?

पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधले. पॉलीओल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र आले, की काही सेकंदांत ते फुगतात आणि काही मिनिटांत घट्ट होतात. फुगवण्यासाठी पॉलीओलमध्ये लवकर वायू होणारा द्रव मिसळलेला असतो. तयार झालेल्या फोममध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असंख्य बंद कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात हा वायू अडकलेला असतो. फोमच्या एकूण आकारमानात घट्ट पदार्थ जेमतेम ३ ते ४ टक्के असतो. उरलेले सगळे वायूच असते.

उष्णता अडवण्याचे मुख्य काम हा वायू करतो. स्थिर हवेची उष्णता वाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते. कप्प्यांत भरलेल्या सायक्लोपेंटेनसारख्या वायूची वाहकता त्याच्या निम्मी असते. त्यामुळे चांगल्या पफची वाहकता, म्हणजे के व्हॅल्यू, ०.०२२ ते ०.०२४ इतकी कमी राहते. घट्ट पॉलियुरेथेनची वाहकता याच्या आठ-दहा पट, पाण्याची सुमारे २५ पट आणि काचेची सुमारे ४० पट असते. म्हणून फोममध्ये घट्ट पदार्थ किंवा ओलावा वाढला, की खोलीचा थंडावा बाहेर जाण्याची वाट रुंदावते.

पूर्वी फोम फुगवण्यासाठी सीएफसी-११ आणि नंतर एचसीएफसी-१४१बी वापरत. ओझोन थराला हानी पोहोचत असल्याने भारताने १ जानेवारी २०२० पासून एचसीएफसी-१४१बी पूर्णपणे बंद केला. त्याच्या जागी आलेल्या सायक्लोपेंटेनची रोधकता थोडी कमी असून तो ज्वालाग्राही आहे. हा तोटा भरून काढण्यासाठी कप्पे अधिक बारीक करणे, फोमची ताकद वाढवणे आणि आग रोखणे या तीन दिशांनी काम चालू आहे. फिलरचा विचार याच कामाचा भाग आहे.

फिलर काय काम करतात?

फिलर म्हणजे फोम तयार होण्यापूर्वी पॉलीओलमध्ये मिसळलेली बारीक पूड किंवा आखूड तंतू. योग्य फिलर योग्य प्रमाणात घातला तर चार फायदे मिळतात.

• कप्पे बारीक होतात : प्रत्येक सूक्ष्म कणाभोवती वायूचा बुडबुडा तयार होण्यास सुरुवात होते. बुडबुडे संख्येने जास्त झाले, की आकाराने लहान होतात. लहान कप्प्यांमधून प्रारणाने जाणारी उष्णता कमी होते.

• ताकद वाढते : कप्प्यांच्या कडांना कणांचा किंवा तंतूंचा आधार मिळाल्याने दाब सहन करण्याची क्षमता वाढते.

• आकार टिकतो : थंडीत कप्प्यांतील वायूचा दाब कमी होऊन कमजोर फोम आकसतो. मजबूत कडा असलेला फोम आकसत नाही, त्यामुळे सांध्यात फटी पडत नाहीत.

• आग मंदावते : काही फिलर तापल्यावर फुगतात किंवा पाण्याची वाफ सोडतात आणि ज्वाळा पसरण्यास अडथळा करतात.

कणांचा आकार मात्र महत्त्वाचा आहे. कप्प्याची भिंत एखाद्या मायक्रॉनइतकी पातळ असते. त्यात १०० मायक्रॉनचा जाड कण आला तर तो भिंत फोडून दोन कप्पे एकमेकांना जोडतो. बंद कप्पा उघडा झाला, की आतला वायू निघून जातो, हवा आणि दमट वाफ आत येते. ताकद वाढवायला घातलेला फिलर अशा वेळी रोधकता घालवतो.

प्रमाणाचेही तसेच आहे. बहुतेक फिलर वजनाच्या १ ते ५ टक्के घातले असता चांगला परिणाम दाखवतात. त्यापुढे पॉलीओल दाट होते, मिश्रण नीट होत नाही, कणांच्या गुठळ्या बनतात आणि फोम पूर्ण फुगत नाही. द्राक्षाला संजीवक जास्त झाले की मण्यांचे नुकसान होते, तोच न्याय इथे लागू होतो.

फिलरचे प्रकार

१. काचतंतू : आखूड तुकड्यांच्या किंवा चटईच्या स्वरूपात वापरतात. ताकद आणि आकारस्थिरता यांसाठी हा सर्वांत खात्रीचा पर्याय आहे. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६३ अंश सेल्सिअसला वाहून नेणाऱ्या काही जहाजांच्या टाक्यांत काचतंतूंनी मजबूत केलेला पॉलियुरेथेन फोमच असतो, कारण तिथे फोमला थंडीसोबत द्रवाच्या लाटांचे धक्केही सोसावे लागतात. द्राक्षाच्या खोलीत असे धक्के नसतात. काचतंतूंमुळे फोम ओतणाऱ्या यंत्राचे पंप आणि नोझल झिजतात, म्हणून साध्या पॅनेलसाठी ते सहसा वापरत नाहीत.

२. सिलिका आणि नॅनोक्ले : नॅनोक्ले म्हणजे बेंटोनाइट गटातील चिकणमातीचे अतिशय पातळ पापुद्रे. १ ते ३ टक्के प्रमाणात कप्पे बारीक होतात आणि पापुद्र्यांमुळे वायूची बाहेर पडण्याची वाट लांबते. पापुद्रे सुटे झाले नाहीत तर मात्र फायदा मिळत नाही.

३. काजळी आणि ग्रॅफाइट : काळे कण प्रारणाने जाणारी उष्णता शोषून अडवतात, त्यामुळे के व्हॅल्यू थोडी सुधारते. तापल्यावर फुगणारे ग्रॅफाइट आग रोखण्यासाठी वापरतात. त्याचे प्रमाण इतर फिलरपेक्षा जास्त लागते.

४. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि अमोनियम पॉलिफॉस्फेट : हे दोन्ही आगरोधक आहेत. पहिला तापल्यावर पाण्याची वाफ सोडतो, दुसरा फोमच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार करतो.

५. खडूची पूड, टाल्क, फ्लाय ॲश : स्वस्त खनिज पुडी. अतिशय बारीक आणि कमी प्रमाणात घातल्या तर कप्पे एकसारखे होण्यास मदत होते. जास्त प्रमाणात त्यांचा उपयोग फक्त वजन भरण्यासाठी होतो.

६. शेतातील अवशेष : भाताचे तूस आणि त्याची राख, उसाचा बगॅस, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलाची पूड, सेल्युलोज, लिग्निन. यांच्यावर देशोदेशी प्रयोग झाले आहेत. वनस्पतिजन्य पुडीच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट आयसोसायनेटशी जोडले जातात, त्यामुळे पकड चांगली बसते. अडचण ओलाव्याची आहे.

ओलावा का चालत नाही?

आयसोसायनेटची पाण्याशी लगेच अभिक्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १ ग्रॅम पाणी सुमारे १५ ग्रॅम आयसोसायनेट संपवते आणि साधारण १.३ लिटर वायू तयार करते. एक उदाहरण पाहू. १०० किलो पॉलीओलमध्ये ५ किलो तुसाची पूड घातली आणि तिच्यात १० टक्के ओलावा असेल, तर अर्धा किलो पाणी मिश्रणात गेले. हे पाणी ७ किलोपेक्षा जास्त आयसोसायनेट वाया घालवते आणि ६०० लिटरहून अधिक जादा वायू निर्माण करते. फोम बेसुमार फुगतो, कप्पे फुटतात आणि पॅनेल ठिसूळ होते.

कारखान्यातून निघणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मा ओलावा असतो. उन्हात वाळवलेला भुसाही हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेतो. म्हणून वनस्पतिजन्य फिलर १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, गरम असतानाच हवाबंद भरावा लागतो. एवढी काळजी न घेतलेला ‘नैसर्गिक’ फिलर शीतगृहाच्या भिंतीत वापरण्यायोग्य नसतो. पुढे पत्र्याला भोक पडले किंवा सांधा उघडला, तर असे तंतू वातीसारखे पाणी आत ओढतात, ही दुसरी जोखीम आहे.

तुसाच्या राखेचे गणित

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुका भातासाठी आणि घोटी तांदळाच्या बाजारासाठी ओळखले जाते. १०० किलो भात भरडल्यावर सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यावर सुमारे ४ किलो राख उरते. चांगल्या जळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. राखेत ओलावा ओढणारे तंतू नसतात, त्यामुळे फिलर म्हणून ती कच्च्या तुसापेक्षा सोयीची आहे. तरीही वापरण्यापूर्वी ती वाळवून बारीक चाळावी लागते. भट्टीचे तापमान फार वाढले तर सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते. म्हणून नियंत्रित तापमानाला जाळलेली राखच उपयोगी असते.

‘तुसाची राख पॅनेल कारखान्याला विकून उत्पन्न मिळेल का’ असे काही गटांना वाटू शकते. त्याचे उत्तर आकड्यांत पाहावे. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीच्या भिंती, छत आणि तळ मिळून १०८ चौरस मीटर क्षेत्र होते. १०० मिमी जाडीने १०.८ घनमीटर फोम लागतो. ४० किलो प्रति घनमीटर घनतेने तो ४३२ किलो भरतो. त्यात ३ टक्के राख घातली तर एका खोलीला फक्त १३ किलो राख लागते. अवघ्या सव्वातीन क्विंटल भाताच्या तुसातून एवढी राख मिळते. म्हणजे फिलरमुळे फोमच्या गुणवत्तेत भर पडू शकते, पण तुसाला मोठी बाजारपेठ मिळत नाही. या कामासाठी गटाने भट्टी किंवा दळणयंत्र कर्ज काढून घेऊ नये. आधी कारखान्याची लेखी मागणी, कणांचा आकार आणि ओलाव्याची मर्यादा निश्चित करून घ्यावी.

द्राक्षाच्या खरड छाटणीत आणि गोड्या बहराच्या छाटणीत निघणाऱ्या काड्यांबाबतही हेच खरे आहे. काड्यांचा भुसा करून फोममध्ये घालण्यापेक्षा त्यांचे तुकडे करून बागेत आच्छादन किंवा कंपोस्टसाठी वापरणे आजच्या घडीला जास्त फायद्याचे आहे.

घनतेचा फसवा आकडा

फिलरविषयी शेतकऱ्याने सर्वांत जास्त लक्षात ठेवावी अशी बाब म्हणजे घनतेचा अर्थ. शीतगृहाच्या पॅनेलसाठी साधारण ४० किलो प्रति घनमीटर, म्हणजे ३८ ते ४२, घनतेचा फोम सांगितला जातो. फिलर नसलेल्या फोममध्ये घनता वाढली की ताकद वाढते, तीही घनतेच्या वाढीपेक्षा वेगाने. म्हणून व्यवहारात घनता हे ताकदीचे माप समजले जाते.

फिलर आला की हे माप चुकते. समजा फोमची घनता ४० आहे, पण त्यात वजनाने २० टक्के खडूची पूड आहे. म्हणजे प्रत्यक्ष पॉलियुरेथेन ३२ किलोच आहे. पुडीने ताकदीत काही भर घातली नाही तर या फोमची दाब सहन करण्याची क्षमता शुद्ध ४० घनतेच्या फोमपेक्षा चौथ्या हिश्शाहून जास्त कमी भरते. वजन बरोबर, कोटेशनवरचा आकडाही बरोबर, पण भिंत हलक्या दर्जाची. उलट २ टक्के चांगल्या फिलरने सुधारलेला फोम ३८ घनतेलाही उत्तम असू शकतो. म्हणून फक्त घनतेवर पॅनेल स्वीकारू किंवा नाकारू नये. पुढील चार आकडे एकत्र पाहावेत.

• गाभ्याची घनता : पत्र्यालगतचा थर नेहमी जड असतो, म्हणून मधल्या भागाची घनता विचारावी.

• के व्हॅल्यू : कोणत्या तापमानाला मोजली तेही लिहून घ्यावे. १० अंश सेल्सिअसला ०.०२३ च्या आसपास असावी.

• बंद कप्प्यांचे प्रमाण : ९० टक्क्यांपेक्षा जास्त असावे.

• दाब सहनशक्ती : १० टक्के दबेपर्यंत किती दाब लागतो तो आकडा. फोम ज्या दिशेने फुगला त्या दिशेने आणि आडव्या दिशेने हे आकडे वेगळे येतात, म्हणून दिशा विचारावी.

या गुणधर्मांसाठी भारतीय मानक आयएस १२४३६ (१९८८) आणि शीतगृहाच्या उष्णतारोधनासाठी आयएस ६६१ (२०००) उपलब्ध आहेत. कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख असावा.

आपल्या खोलीला मजबूत फोम लागतो का?

भिंतीवर मालाचा भार येत नाही. तळाला येतो, पण तोही वाटतो तेवढा नसतो. एका चौरस मीटरवर १ टन माल रचला तरी दाब फक्त ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो. ४० घनतेचा चांगला फोम याच्या पंधरापट दाबालाही चिरडत नाही. मात्र सतत दाब राहिला तर फोम हळूहळू बसतो. त्यामुळे कायमचा भार सहनशक्तीच्या चौथ्या ते पाचव्या हिश्शात ठेवावा. या हिशेबानेही साधा पफ पुरतो.

अडचण येते ती टोकाच्या भारामुळे. रॅकचे पाय, हँड पॅलेटची लहान चाके आणि पाइपांचे आधार थोड्या जागेवर मोठा दाब देतात. अशा जागी जास्त घनतेचा किंवा फिलरने मजबूत केलेला फोम उपयोगी पडतो. तळाच्या फोमवर काँक्रीटचा थर देऊन भार पसरवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. सर्व भिंतींसाठी महाग फिलरयुक्त फोम घेण्याची गरज नसते.

विजेच्या बचतीचाही हिशेब करावा. वरील १०८ चौरस मीटरच्या खोलीत आत ० आणि बाहेर सरासरी ३० अंश सेल्सिअस धरले, तर ०.०२३ वाहकतेच्या १०० मिमी पॅनेलमधून दिवसाला सुमारे १८ युनिट उष्णता आत येते. वाहकता ०.०३० झाली, म्हणजे कप्पे उघडे पडले किंवा फिलर जास्त झाला, तर ती २३ युनिटांवर जाते. शीतयंत्र एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता काढते असे धरले, तर रोज सुमारे २ आणि महिन्याला साठच्या वर युनिट वीज जादा लागते.

याच खोलीत ५ टन द्राक्षे ३० वरून २ अंशांवर आणायला सुमारे १४० युनिट उष्णता काढावी लागते. म्हणजे प्रीकूलिंगमध्ये भिंतीचा वाटा लहान असतो. तिथे यंत्राची क्षमता आणि पेट्यांतून जाणारी हवा निर्णायक ठरते. माल आठवडेच्या आठवडे साठवायचा असेल, तासगाव-सांगली भागातील बेदाण्याप्रमाणे महिनोन्‌महिने ठेवायचा असेल, तेव्हा भिंतीतून येणारी उष्णता हाच मुख्य भार होतो. साठवण जितकी लांब, तितका फोमचा दर्जा महत्त्वाचा. कांदा चाळीला मात्र मोकळी हवा लागते. तिथे पफचा काही संबंध नाही.

खरेदीपूर्वी करावयाच्या सोप्या तपासण्या

पुरवठादाराकडून प्रत्यक्ष बॅचमधील पॅनेलचा तुकडा मागावा. खास तयार केलेला दाखवायचा नमुना घेऊ नये.

१. वजन : दोन्ही पत्रे काढून मधल्या भागातून १० सेंटिमीटरचा घन कापावा. पॅनेल पातळ असेल तर बाजू मोजून आकारमान काढावे. १० सेंटिमीटरच्या घनाचे आकारमान १ लिटर असते, त्यामुळे ४० घनतेचा तुकडा ४० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा यासाठी पुरतो.

२. नजर आणि स्पर्श : कापलेला भाग भिंगातून पाहावा. कप्पे बारीक आणि एकसारखे असावेत. मोठी भोके, गुठळ्या, दोन रंगांचे पट्टे म्हणजे मिश्रण नीट झालेले नाही. बोटाने घासल्यावर खरखरीत पांढरी पूड लागली तर खनिज फिलरबद्दल विचारावे.

३. दाब : तुकड्यावर सपाट फळी ठेवून ७० किलो वजनाच्या माणसाने आधार धरून सावकाश उभे राहावे. हा दाब ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो. त्यात फोम दबून खड्डा पडला तर तो शीतगृहाच्या कामाचा नाही. या तपासणीत फक्त फारच कमजोर फोम पकडला जातो. नेमका आकडा प्रयोगशाळाच देते.

४. पाणी : दोन पुरवठादारांचे सारख्या मापाचे तुकडे वजनाखाली दाबून २४ तास पाण्यात बुडवावेत. बाहेर काढून पुसून वजन करावे. कापलेल्या पृष्ठभागावर थोडे पाणी राहतेच, म्हणून तुलना करावी. ज्याने स्पष्टपणे जास्त पाणी घेतले त्यात उघडे कप्पे जास्त आहेत.

५. राख : खनिज फिलर ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे प्रयोगशाळेतील भट्टीत नमुना जाळून उरलेली राख मोजणे. साधा फोम जवळजवळ राख सोडत नाही. २० टक्के पूड घातलेला फोम पाचव्या हिश्शाच्या आसपास राख सोडतो. लाकूड किंवा बगॅसचा फिलर जळून जातो, तो या पद्धतीने कळत नाही. ही चाचणी घरी किंवा शेतात करू नये. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात.

मोठ्या खरेदीत के व्हॅल्यू, बंद कप्पे आणि दाब सहनशक्ती या तीन चाचण्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्याव्यात. एका पॅनेलचा खर्च गेला तरी चालेल, पण पूर्ण खोली बदलण्याची वेळ येऊ नये.

उभारणीत घ्यावयाची काळजी

• फोम कितीही सुधारलेला असला तरी सांध्यातील फट भरून निघत नाही. पॅनेलचे सांधे बाहेरील, म्हणजे उष्ण बाजूने सीलंटने पूर्ण बंद करावेत. पावसाळ्यात दमट हवा याच फटीतून आत शिरते आणि फोममध्ये पाणी किंवा बर्फ होऊन साचते.

• पाइप आणि वायरसाठी पाडलेली भोके त्याच दिवशी बंद करावीत. वायर फोममधून उघडी नेऊ नये, पाइपातून न्यावी.

• आगरोधक फिलर आहे म्हणून फोम जळत नाही असे समजू नये. असे फिलर आग मंद करतात, थांबवत नाहीत. पॅनेल बसवल्यावर जवळपास वेल्डिंग किंवा कटिंग करू नये. करावेच लागल्यास फोम झाकून, अग्निशामक जवळ ठेवून करावे.

• जागेवर फोम फवारण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करावे. आयसोसायनेटच्या वाफेमुळे दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो. फवारणी चालू असताना मजूर, मुले आणि जनावरे तिथे नसावीत. दोन द्रव विकत आणून त्यात भुसा मिसळण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत.

• पॅनेलचे उरलेले तुकडे बांधावर जाळू नयेत.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गट किंवा कंपनी शीतगृहाचा प्रकल्प अहवाल तयार करत असेल, तर तपशील पत्रकात ‘४० घनतेचा पफ’ एवढेच लिहू देऊ नये. जाडी, गाभ्याची घनता, के व्हॅल्यू, बंद कप्पे, दाब सहनशक्ती, फुगवण्याचा वायू, आगीचा वर्ग आणि फिलरचा प्रकार व टक्केवारी असे आठ रकाने ठेवावेत. फिलर नसेल तर ‘नाही’ असे पुरवठादाराने लिहून सही करावी. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळते. परतफेडीच्या संपूर्ण काळात भिंत टिकली पाहिजे, म्हणून हे रकाने कर्ज मंजूर होण्यापूर्वीच भरून घ्यावेत.

थोडक्यात

• चांगला फिलर कमी प्रमाणात, बारीक आणि कोरडा असतो. तो कप्पे बारीक करतो आणि फोमला बळ देतो.

• जास्त प्रमाणातील स्वस्त पूड घनतेचा आकडा वाढवते, ताकद आणि रोधकता वाढवत नाही.

• द्राक्षाच्या नेहमीच्या खोलीसाठी बंद कप्प्यांचा, फिलर नसलेला चांगला पफ पुरेसा आहे. मजबूत फोम तळाच्या टोकाच्या भाराखाली आणि पाइपांच्या आधारांपुरता वापरावा.

• घनतेसोबत के व्हॅल्यू, बंद कप्पे आणि दाब सहनशक्ती लेखी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.